चुन्याची रिंगणं

आमचे घरमालक अंतर खांबांत मोजत. किराणा दुकान तीन खांबांवर, दवाखाना अकरा खांबांवर आणि माझं माहेर, म्हणजे वर्धा, "मोजलं नाई, पन लय खांब हायेत". टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून त्यांची सगळी उमर गेली. ते निवृत्त झाले, तारा गेल्या, खांबही बरेचसे गेले, पण काकांच्या डोक्यातले खांब जागच्या जागी उभे होते. पार्सलवाल्याला फोनवर "चौकातून सात खांब सरळ ये" असं सांगायचे आणि तो भलतीकडे गेला की त्याच्यावरच चिडायचे.

नवऱ्याला मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी लागली म्हणून आम्ही नागपूरला आलो. भाड्याचं घर शोधायचं म्हणजे आधी आपली जात सांगायची आणि मग आपलं ताट दाखवायचं, हे चार ठिकाणी फिरून कळलं होतं. काकांनी वरच्या दोन खोल्या दाखवल्या आणि जिन्यातच विचारलं, "अंडं खाता का?"

नवरा अनुभवानं शहाणा झालेला. "छे छे, आम्ही घरात आणतसुद्धा नाही," तो म्हणाला. आठवड्याला अख्खा ट्रे संपवणारा माणूस!

काकांचा चेहरा पडला. "काहून? खा ना गा. कोंबडीचं खा, रोज खा. पन रानपाखराचं अंडं ह्या घरात आलं, तं त्याच दिवशी सामान खाली."

असलं अंडं कोणी घरात आणतं हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. आम्ही हसत हसत हो म्हटलं आणि शनिवारी सामान हलवलं.

काकांना प्रत्येक वस्तू बोटानं ठोकून बघायची खोड होती. भिंत, पपई, पाण्याची टाकी, आमची जुनी घेतलेली गाडी, सगळ्याला ते टिचकी मारत आणि कान लावत. दुरुस्त झालेला पंखा असो की शेजाऱ्याची सबब, त्यांचा निकाल एकच असायचा, "आवाज बरोबर येऊन राहिला" किंवा "येऊन नाई राहिला". काकू स्वयंपाकघरातून ओरडत, "ह्या मानसाले लोखंडातलं ऐकू येते, घरातलं नाई ऐकू येत." काकूंनी चौथ्यांदा हाक मारली तरी काका जागचे हलत नसत, हे मी स्वतः पाहिलं आहे.

त्यांच्या वडिलांनी छप्पन साली नागपुरात दीक्षा घेतली. "मीबी होतो तिथं, मायच्या कडेवर. आठवत नाई, पन होतो," हे ते इतक्या ठामपणे सांगत की समोरच्यानं गप्प बसावं. पंचशीलातलं न दिलेलं घेऊ नये हे शील त्यांनी मनावर घेतलं होतं, आणि त्याची मजल कुठवर जाईल याचा नेम नसे. आमच्या गॅलरीत शेजारच्या पारिजातकाची फुलं पडत. ती मी गोळा करायला लागले की खालून आवाज यायचा, "शेजारीनबाईले विचारलं का?" अंड्यांचंही त्यांचं तेच म्हणणं होतं. "टिटवीनं देल्लं का तुले? नाई देल्लं. मंग?" या "मंग"च्या पुढे वाद संपत असे.

टिटवी हा त्यांच्या आयुष्याचा दुसरा भाग. भिवापूरच्या अलीकडे त्यांचं गाव आणि गावाला लागून एक मोठा तलाव. उन्हाळ्यात पाणी आटून मधे जातं आणि भोवती भेगाळलेली, खडेगोटे पडलेली जमीन उघडी होते. तिथे टिटव्या अंडी घालतात. घरटं म्हणावं असं काही नाही. चार खडे सरकवले, मधे थोडा खळगा केला, की झालं घर. अंड्यांचा रंग मातीचाच, वर काळे ठिपके. मी पहिल्यांदा गेले तेव्हा काका ओरडले म्हणून माझा पाय वरच्या वर राहिला, नाहीतर चारही अंडी चपलेखाली गेली असती.

मे महिन्यात नागपूरचा माणूस अकरानंतर उंबरठ्याबाहेर पाय ठेवत नाही. काका ठेवत. डोक्याला ओला दुपट्टा, खिशात कांदा, गळ्यात दोरीनं बांधलेली दुर्बीण, आणि दर रविवारी तलाव. आमच्याकडे गाडी आली तशी आमचीही त्यात भरती झाली. नवरा गाडी चालवायचा, मी डबे भरायची आणि आमची अडीच वर्षांची पोरगी मागच्या सीटवर काकांच्या मांडीवर बसायची.

गाळ न्यायला येणारे ट्रॅक्टर अंडी चिरडतात, म्हणून काकांनी एका वर्षी युक्ती काढली. जिथे अंडी दिसतील तिथे चार हात लांबून गोट्यांचं रिंगण करायचं आणि गोट्यांना चुना फासायचा. ट्रॅक्टरवाले भले निघाले. पांढरं रिंगण दिसलं की वळसा घालून जात. त्या वर्षी सगळ्या टिटव्यांची पिल्लं निघाली आणि काकांनी गल्लीत पेढे वाटले. कशाचे पेढे, म्हणून लोकांनी विचारलं. "नातवंडं झाली," काका म्हणाले, आणि त्यांना मूलबाळ नाही हे माहीत असलेली सगळी गल्ली चक्रावली.

पुढच्या वर्षी रिंगणं केली तर रिंगणांतलीच अंडी जायला लागली. पिल्लं नाहीत, फुटकी कवचं नाहीत, नुसता रिकामा खळगा. ज्यांना रिंगण घालायचं राहून गेलं होतं ती अंडी शाबूत. त्या दिवशी जेवताना काकांनी अर्धी भाकर ताटात ठेवली. "मीच दाखवून देल्लं वं," ते काकूंना म्हणाले. "चोराले शोधत फिरा लागत होतं. मी त्याले रांगोळी काढून देल्ली."

दोन दिवस ते जेवले नाहीत धड. तिसऱ्या दिवशी खाली मोठमोठ्यानं हसण्याचा आवाज आला म्हणून मी डोकावले. काका चुन्याच्या गोण्या उतरवून घेत होते.

मग आम्ही रिंगणं केली. किती? मी तीनशेपर्यंत मोजली आणि सोडून दिलं. साऱ्या तलावभर, दगडांत, गवतात, वाटेवर, वाटेच्या पलीकडे, कुठेही. आत काही नाही. पाच जोड्यांची पाच खरी रिंगणं त्या पसाऱ्यात हरवून गेली. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. चुना विझतो कसा हे फळ्यावर वर्षाला चार वेळा लिहिते. त्या उन्हाळ्यात मला तो हाताला कसा चावतो हेही कळलं. खरी रिंगणं कुठली याची यादी करू या, असं मी म्हटलं तर काका माझ्यावर डाफरले, "लिहिलं तं चोरी जाते. माह्या डोक्यात हाये."

एका रविवारी दोघं जण मोटरसायकलवर आले. आम्ही तलावाच्या पाळीच्या, म्हणजे बांधाच्या, आड बसलो होतो. ते एका रिंगणात वाकले, मग दुसऱ्यात, मग दहाव्यात. दीड तास त्यांनी त्या उन्हात कवायत केली, शेवटी एकानं डोक्यावरचा रुमाल जमिनीवर आपटला आणि गाडीला किक मारली. काकांनी तोंडात दुपट्ट्याचा बोळा कोंबला होता, तरी त्यांचं अख्खं अंग गदगदत होतं. त्यांनी गाडीचा नंबर टिपून वनरक्षकाला फोन केला. रानपाखराचं अंडं उचलणं हा गुन्हा आहे, हे तो वनरक्षक शाळाशाळांत सांगत फिरे, पण त्याच्या एकट्याच्या वाट्याला कितीतरी तलाव होते. "तुमच्यासारखा अजून एक मानूस द्या काका," तो म्हणायचा. काका छाती काढून म्हणायचे, "माह्या तलावाची फिकर करू नोको."

त्यांचा हा भरवसा एका माणसावर उभा होता. तलावाच्या काठाला एक डांगरवाडी, म्हणजे खरबुजांची वाडी, होती. उन्हाळाभर तिथे डांगरं पिकवणारा तो माणूस झोपडी टाकून राही. त्याला सगळा तलाव दिसे, म्हणून काकांनी त्यालाच लक्ष ठेवायला सांगितलं होतं. गेलं की तो आमच्यासाठी डांगर कापायचा, काका ते आधी ठोकून बघायचे.

आता माझं सांगते.

पोरगी साडेतीन वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. हसायची, समजायचं सगळं, पण तोंडातून शब्द नाही. कान तपासले, कान चांगले होते. डॉक्टरांनी बोलण्याचे व्यायाम सांगितले, दर सोमवारी यायला सांगितलं आणि धीर धरा म्हणाले. मी चार सोमवार गेले, मग परीक्षा आल्या आणि ते सुटलं. सासूबाई गावाहून रोज फोन करत. टिटवी दिवसरात्र ओरडते, तिचं एक अंडं चारलं की पोर बोलायला लागतं, असं त्यांच्याकडे सगळे मानतात. मी हसून टाळत होते. मग एका वाढदिवसाला एका बाईनं पोरीकडे बघून "मुकी आहे का?" असं विचारलं, आणि त्या रात्री माझं सगळं रसायनशास्त्र वाहून गेलं. मी वेडी झाले होते, दुसरा शब्द नाही.

पुढच्या रविवारी काका आणि नवरा गोट्यांना चुना लावत होते. मी पाणी आणायच्या निमित्तानं डांगरवाडीवर गेले. एवढी मोठी गोष्ट कशी काढावी या विचारात होते, तर तोच म्हणाला, "पोरीसाठी पायजे का बाई? लय लोक नेतात." मी मान हलवली. तो गेला, वाटेत कुठेही न थांबता, आणि पाच मिनिटांत अंडं घेऊन आला. तीनशे रिंगणं त्याच्यासाठी नव्हतीच. झोपडीतून त्याला टिटव्या रोज बसताना दिसत होत्या. मी पर्स उघडली तर म्हणाला, "तुमी काकाची मानसं. तुमच्यापासून काय घ्याचं!"

ते अंडं मी स्टीलच्या डब्यात, रुमालात गुंडाळून ठेवलं. परतताना डबा माझ्या मांडीवर होता. काका पुढे बसले होते, पोरगी माझ्याजवळ. दहा-बारा किलोमीटर गेलो असू. गाडीत कोणी बोलत नव्हतं. आणि डब्यातून आवाज आला. बारीक, चिक्, चिक्. पिल्लू कवच फोडायच्या आधी आतून बोलतं, हे मला माहीत नव्हतं. पोरीनं ऐकलं आणि डब्यावर कान ठेवला.

"गाडी थांबव," काका म्हणाले.

त्यांनी मागे वळून डबा मागितला. मी दिला. त्यांनी झाकण उघडून बघितलं आणि रुमाल नीट केला. माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाटलं आता ओरडतील, ओरडले असते तर बरं झालं असतं. नवऱ्यालाही यातलं काही माहीत नव्हतं. काकांनी वनरक्षकाला फोन लावला. पलीकडून त्यानं विचारलं असावं, कोणी नेलं. काका म्हणाले, "आमच्याच घरच्यानं." मग "हो, हो" म्हणत फोन ठेवला आणि नवऱ्याला म्हणाले, "फिरव गाडी. आधी ह्याले घरी पोचवू."

मी रडत होते. "काका, पोरीसाठी..." एवढंच म्हणू शकले.

"समजलं मले," ते म्हणाले. "रडू नोको. डबा पकड, उन्हात नोको धरू."

अंडं कोणी आणून दिलं ते मी वाटेत सांगितलं, पण तलावावर पोचलो तर डांगरवाला डांगरं भरून बाजाराला निघून गेला होता आणि त्याचा फोन बंद. समोर पांढरी रिंगणंच रिंगणं. काका उभे राहिले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. त्यांच्या डोक्यातली यादी त्यांना सापडत नव्हती. आम्ही त्या दिवशी सकाळीच आणखी चाळीस रिंगणं केली होती, जुन्यांना नवीन चुना दिला होता आणि सगळ्या खुणा पुसून टाकल्या होत्या. चोराला चकवायला केलेल्या पसाऱ्यात आम्हीच चकलो. सगळीकडे शोधत फिरावं तर पाय कुठल्या अंड्यावर पडेल याचा भरवसा नाही, आणि डब्यातला आवाज बारीक होत चालला होता.

"आपन नाई शोधाचं," काका म्हणाले. "तिलेच दाखवू दे. चार अंड्यांतलं एक गेलं, तीन हायेत अजून. ते सोडून ती जात नसते. गाडीत बसा आन् कोनी हूं का चूं करू नोका."

गाडीत बसलो. काचा थोड्या खाली, बाहेर भट्टी. टिटव्या डोक्यावरून ओरडत गेल्या, मग हळूहळू शांत झाल्या. नवऱ्याला खोकला आला तर काकांनी त्याच्या तोंडावर दुपट्टा दाबला. एक जोडी बसली, मग आणखी एक. काका दुर्बिणीतून बघत आणि मान हलवत, तिथे चार होती. किती वेळ गेला कोण जाणे. पोरीनं माझी बाही ओढली. तिनं बोट केलं होतं, आम्ही सगळे बघत होतो त्याच्या अगदी उलट्या दिशेला. पाण्याकडून एक टिटवी चालत येत होती, पोटाची पिसं भिजलेली. अंडी उन्हात तापू नयेत म्हणून त्या पोट भिजवून आणतात. ती एका रिंगणात शिरली, अंग हलवून पाणी सांडलं आणि बसली.

ती बसायच्या आधीच काकांनी दुर्बीण लावली होती. "तीन," ते पुटपुटले.

डबा घेऊन ते एकटे गेले. टिटवी उडाली, डोक्यावर घिरट्या घालून त्यांना नको नको ते बोलली. त्यांनी वाकून अंडं ठेवलं आणि आले त्या वाटेनंच मागे आले, पावलावर पाऊल ठेवत. काही वेळानं ती परत आली आणि चारांवर बसली. काकांनी डोळ्यांवरून दुपट्टा फिरवला. घाम होता की काय ते मी विचारलं नाही.

सामान खाली आलं नाही. मी दोन दिवस वाट पाहून स्वतःच खाली गेले आणि म्हटलं, काका, आम्ही घर सोडतो. "काहून?" ते म्हणाले. "घरात कुठं आलं होतं? गाडीतून वापस गेलं." मग गंभीर झाले. "पन एक काम करा लागन तुले. तो डांगरवाला काय, त्याले हाकललं तं दुसरा येईन. मी तीनशे रिंगनं केली आन् माह्याच गाडीतली बाई घेऊन गेली. म्हंजे चोर थांबवून होत नाई. घेनारी थांबली पायजे. तू गावात चल. बायांसमोर उभी राह्य आन् सांग, तू काय केलं ते."

मी नाही म्हणून बघितलं. "मंग?" काका म्हणाले. मी कबूल झाले.

गावातल्या विहारात पंचवीस-तीस बाया जमल्या होत्या. वनरक्षक आला होता. त्यानं कायदा सांगितला, मला उद्देशूनही सांगितला, आणि मी मान खाली घालून ऐकला. मग मी उभी राहिले. कडेवर पोरगी. वर्गात शंभर पोरांपुढे न अडखळणारी मी, पहिलंच वाक्य दोनदा सुरू केलं. तरी सांगितलं सगळं, वाढदिवसाच्या बाईपासून डब्यातल्या आवाजापर्यंत. मधे कोणीतरी नाक ओढलं.

मी थांबले तशी एक म्हातारी म्हणाली, "मंग पोरगी बोलते का आता?"

"नाही," मी म्हटलं. "अजून नाही बोलत. अंडं खाल्लं असतं तरी नसती बोलली. डॉक्टरकडं जाणं मी सोडलं होतं, ते परत सुरू केलं."

बाया उठल्या, चहा झाला. आम्ही गाडीपाशी आलो तर मागून एक तरुण बाई धावत आली. कडेवर पोरगा, माझ्या पोरीच्याच वयाचा, तिच्याकडे टक लावून बघत होता. बाईनं इकडे तिकडे पाहिलं आणि पदराआडून फोन काढला. माझ्याशी बोलायच्या आधी तिनं एक नंबर लावला.

"हॅलो, मी बोलून राहिली," ती म्हणाली. "ते अंडं सांगून ठेवलं होतं नं तुमाले, ते नोको. नोको आनू गा. उद्याबी नोको. नाई, पैसे नाई, अंडंच नोको."

फोनमधून येणारा डांगरवाल्याचा आवाज मला ओळखू आला. काकांनाही आला असणार, कारण ते गाडीच्या दारात पाय अर्धा ठेवून तसेच उभे होते.

तिनं फोन बंद केला आणि माझ्यासमोर तळहात धरला. "आता त्या डाक्टरचा नंबर लिवून द्या जी. कागद नाई माह्यापाशी."

मी पेन काढला आणि तिच्या तळहातावर नंबर लिहिला. मग त्याच्याखाली माझा लिहिला.

"सोमवारी माझाही नंबर आहे तिथं," मी म्हटलं. "एकटी नको येऊ. दोघी संगच जाऊ."